‘माझ्याकडे तर चालतंय!’ : पायथन प्रोजेक्ट दुसऱ्याच्या मशीनवर चालेल असा कसा द्यायचा

सबमिशनच्या दिवसांत मला एक ठरलेला फोन येतो. “सर, माझ्या लॅपटॉपवर सगळं चालतंय, पण लॅबमधल्या पीसीवर नुसती लाल अक्षरं येतायत. आणि एक्स्टर्नल उद्या सकाळी दहाला आहेत.” लॅबला नेमकं काय नेलं होतं विचारलं, की तीनपैकी एक उत्तर मिळतं. अख्ख्या फोल्डरची झिप, पेनड्राइव्हवर. नाहीतर पिप फ्रीझमधून निघालेली दीडदोनशे ओळींची फाइल (पिप म्हणजे पॅकेजेस, अर्थात इतरांनी लिहिलेला तयार कोड, बसवणारं साधन; फ्रीझ ही बसवलेल्या सगळ्यांची नावं छापणारी त्याची कमांड). नाहीतर नुसता कोड, आणि सोबत ‘जे मागेल ते इन्स्टॉल करायचं’. नोकरीला लागल्यावरही ही सवय सुटत नाही, फक्त एक्स्टर्नलच्या जागी टीम लीड येतो.

एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोजेक्टला लागणारं पायथन आणि पॅकेजेस यांचा संच, उचलून देता येत नाही. समोरच्याला ते त्याच्या मशीनवर नव्याने उभं करावं लागतं. आपण फक्त दोन कागद द्यायचे: कोणती पॅकेजेस लागतात त्याची यादी, आणि त्यांची नेमकी व्हर्जन्स सांगणारी पावती. किराण्याच्या यादीवर आपण ‘तांदूळ, पाच किलो’ एवढंच लिहितो. कोणता तांदूळ, कुठला ब्रँड, किती वजनाची पिशवी हे दुकानाच्या पावतीवर छापून येतं. यादी हाताने लिहायची असते, पावती हाताने लिहायची नसते. पुढच्या बहुतेक चुका या दोन कागदांची गल्लत झाल्यामुळे होतात.

उदाहरण म्हणून एक छोटा प्रोजेक्ट धरू. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या चार धरणांचा रोजचा साठा सीएसव्ही फाइलमधून वाचायचा आणि मराठी नावांसह आलेख काढायचा.

कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

## सुरुवात करण्याआधी

कागदावर चार गोष्टी लिहून काढा. प्रोजेक्ट शेवटी कोणत्या मशीनवर चालणार आहे? तिथे विंडोज आहे, उबुंटू की मॅक? प्रोसेसर इंटेल-एएमडीचा आहे की अॅपलचा एम मालिकेतला? तिथे इंटरनेट आणि इन्स्टॉल करायची परवानगी आहे का? चौथ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर आधी सातवी पायरी वाचून घ्या. ती आदल्या रात्री जमणारी नाही.

## पायरी १ : पायथनचं व्हर्जन ठरवा

पॅकेजांच्या आधी पायथन. बऱ्याच जणांच्या मशीनवर तीनचार पायथन असतात आणि टर्मिनल त्यातलं कोणतं उचलतं हे त्यांनाच ठाऊक नसतं. पायथन उघडून ‘सिस’ मॉड्यूलमधलं ‘एक्झिक्युटेबल’ प्रिंट करा, खरा पत्ता समोर येईल. विंडोजवर ‘पायथन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत असेल, तर ते पायथन नाही, स्टोअरकडे नेणारा नुसता शॉर्टकट आहे.

सगळ्यात नवं व्हर्जन घेण्याची हौस इथे नको. पॅकेजांची तयार बांधणी, म्हणजे व्हील, पायथनच्या व्हर्जननुसार आणि ऑपरेटिंग सिस्टिमनुसार वेगळी असते. तुमच्या जोडीसाठी व्हील नसेल तर पिप मूळ सोर्स उतरवून तो तुमच्या मशीनवर बांधू बघतो. विंडोजवर ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ १४.० हवं’ असा जो एरर येतो, तो बहुतेक वेळा इथूनच. त्यावर मुलं काही जीबींचे बिल्ड टूल्स उतरवत बसतात. खरं तर पायथनचं व्हर्जन एक पाऊल मागे घेतलं की काम होतं.

उलटही घडतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या पायथन ३.१२ मधून पॅकेजं बांधायला लागणारं ‘डिस्टयूटिल्स’ हे जुनं मॉड्यूल काढून टाकलं. त्यामुळे काही वर्षांपूर्वीच्या सीनियरकडून आलेली, नमपाय (आकडेमोडीचं पॅकेज) १.२४ लिहिलेली फाइल ३.१२ वर टाकली की व्हील सापडत नाही आणि बांधणीही कोसळते. नमपायमध्ये ३.१२ चा आधार १.२६ पासून आहे.

सावधान : नव्या उबुंटू आणि डेबियनवर सिस्टिमच्या पायथनमध्ये थेट पिप इन्स्टॉल केलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असा अडसर येतो. त्यावर ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा पर्याय लावायचा सल्ला सर्रास मिळतो. लावू नका. नाव वाचलं तरी तो काय करतो ते कळतं.

## पायरी २ : रिकामं एन्व्हायर्नमेंट, प्रोजेक्टच्या फोल्डरमध्येच

जुनं ‘डॉट व्हेन्व्ह’ (प्रोजेक्टचं एन्व्हायर्नमेंट असलेला फोल्डर) दुरुस्त करत बसू नका, उडवा. नवीन प्रोजेक्टसाठी मी सध्या ‘यूव्ही’ हे साधन सुचवतो. वेग हे त्याचं कारण आहेच, पण मोठं कारण म्हणजे पायथनचं व्हर्जन, यादी आणि पावती तिन्ही ते एकाच ठिकाणी सांभाळतं. ‘यूव्ही इनिट’ केलं की ‘पायप्रोजेक्ट डॉट टॉमल’ ही फाइल तयार होते, आणि ‘यूव्ही पायथन पिन ३.१२’ केलं की व्हर्जन एका छोट्या फाइलमध्ये नोंदलं जातं. जुना प्रोजेक्ट रिक्वायरमेंट्स फाइलवर (पॅकेजांची नावं लिहिलेली साधी फाइल) चालत असेल तर साधं व्हेन्व्ह आणि सोबत ‘पिप-टूल्स’ पुरेसं आहे. नकाशांसाठी जीडाल किंवा जीपीयूची जड लायब्ररी लागत असेल तर कोंडा हे पॅकेजेस बसवणारं दुसरं साधन बरं. तीनपैकी कोणतंही घ्या, पण एका प्रोजेक्टला एकच. कोंडात पिप मिसळावंच लागलं तर आधी कोंडाची सगळी पॅकेजेस आणि सर्वांत शेवटी पिपची.

फोल्डरचं नाव रोमन अक्षरांत आणि मध्ये स्पेस न देता ठेवा. शिवाय प्रोजेक्ट डेस्कटॉपवर ठेवू नका. अनेक विंडोज लॅपटॉपवर डेस्कटॉप परस्पर वनड्राइव्हशी जोडलेला असतो आणि व्हेन्व्हमधल्या हजारो बारीक फाइली तो ढगात चढवत बसतो.

व्हेन्व्हची झिप का चालत नाही? कारण त्याच्या पोटात तुमच्या मशीनवरचे पूर्ण पत्ते कोरलेले असतात. अॅक्टिव्हेट स्क्रिप्टमध्ये, पिपच्या लाँचरमध्ये, आणि मूळ पायथन कुठे आहे ते सांगणाऱ्या सीएफजी फाइलमध्ये. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर त्या पत्त्यावर कोणीच राहत नाही. म्हणून ‘डॉट व्हेन्व्ह’चं नाव गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने (कोडचे बदल नोंदणाऱ्या साधनाने) कोणत्या फाइली सोडायच्या ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, पहिल्याच दिवशी घाला.

तपासा : ज्युपिटर वापरत असाल तर नोटबुकच्या पहिल्या सेलमध्येही तेच सिस एक्झिक्युटेबल प्रिंट करा. टर्मिनलमध्ये व्हेन्व्ह चालू असलं तरी नोटबुकचा कर्नल (तिचा कोड चालवणारा भाग) भलत्याच पायथनला जोडलेला असू शकतो. ‘इन्स्टॉल केलंय तरी मॉड्यूल नॉट फाउंड’ या तक्रारीत मी आधी हेच पाहतो. नोटबुकमधून पॅकेज घालायचंच असेल तर पिपच्या आधी उद्गारचिन्ह नको, टक्क्याचं चिन्ह लावा. ते चालू कर्नलच्याच पायथनमध्ये घालतं.

## पायरी ३ : यादी हाताने लिहा

या पायरीला घाई करू नका. तुमच्या कोडमधल्या सगळ्या इम्पोर्ट ओळी गोळा करा. पायथनसोबतच येणारी मॉड्यूल्स वगळा. उरलेली ती तुमची यादी. आमच्या धरणांच्या प्रोजेक्टची यादी दोन ओळींची आहे: पांडाज (तक्ते वाचायला) आणि मॅटप्लॉटलिब (आलेख काढायला). पिप फ्रीझ मात्र त्याच प्रोजेक्टसाठी बाराचौदा ओळी काढेल, कारण या दोघांनी आपापली माणसं सोबत आणलेली असतात. ती तुमच्या यादीत लिहायची नाहीत.

इम्पोर्टचं नाव आणि पॅकेजचं नाव एकच असेल असं धरून चालू नका. ‘एसकेलर्न’ इम्पोर्ट होतं, पण पॅकेज ‘सायकिट-लर्न’ आहे. ‘सीव्ही२’ साठी ‘ओपनसीव्ही-पायथन’, ‘पीआयएल’ साठी ‘पिलो’, ‘यामल’ साठी ‘पायवायएएमएल’, ‘बीएस४’ साठी ‘ब्यूटिफुलसूप४’. अंदाजाने नाव टाइप करणं धोक्याचं आहे, कारण प्रसिद्ध पॅकेजांशी मिळत्याजुळत्या नावांची घातक पॅकेजं मुद्दाम चढवली जातात. एआयने सुचवलेलं नावही आधी पायपीआयवर, म्हणजे पिप जिथून पॅकेजेस उतरवतो त्या साइटवर, उघडून पाहा. ते अस्तित्वात असतंच असं नाही.

आता इम्पोर्टमध्ये न दिसणाऱ्या गरजा. सीएसव्हीऐवजी एक्सेल फाइल वाचायची ठरलं तर पांडाजला ‘ओपनपायएक्सएल’ लागतं आणि ते आपोआप येत नाही. ते ज्याच्याकडे आधीपासून आहे त्याला हे कधीच कळत नाही.

टाइमझोनची गंमत याहून छुपी. कोडमध्ये ‘झोनइन्फो’ वापरून ‘एशिया/कोलकाता’ लिहिलं, तर लिनक्स आणि मॅकवर ती माहिती सिस्टिमकडून मिळते. विंडोजकडे ती त्या रूपात नसते, तिथे ‘टीझेडडेटा’ हे पॅकेज लागतं. पांडाजची २ मालिका ते स्वतःबरोबर आणते म्हणून सगळं सुरळीत वाटतं. मग एक दिवस कोणीतरी ‘एवढ्याशा फाइलसाठी पांडाज कशाला’ म्हणून ते काढतो आणि विंडोजवाल्यांचा प्रोग्राम बंद पडतो. तेव्हा नियम साधा ठेवा: तुमच्या कोडला जे थेट लागतं ते यादीत तुम्ही स्वतः लिहायचं, दुसऱ्याच्या पाठीवर बसून येत असलं तरी.

ज्युपिटर, पायटेस्ट, फॉरमॅटर ही तुमची हत्यारं, प्रोग्रामची गरज नव्हे. यूव्हीमध्ये ‘अॅड’ करताना ‘डेव्ह’चा पर्याय लावला की ती वेगळ्या गटात जातात.

## पायरी ४ : यादीत किती घट्ट बांधायचं?

यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे == लावून व्हर्जन गोठवायची सवय चुकीची. काहीच न लिहिणंही तितकंच चुकीचं. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं. १ मालिकेसाठी बांधलेली अनेक पॅकेजेस त्याच्याबरोबर चालेनाशी झाली, आणि ज्यांनी यादीत नुसतं ‘नमपाय’ लिहिलं होतं त्यांचे कालपर्यंत धावणारे प्रोजेक्ट नव्या मशीनवर आपटले. कोडमध्ये त्यांनी एक अक्षरही बदललं नव्हतं.

यादीत खालची मर्यादा द्या, म्हणजे ज्या व्हर्जनवर तुम्ही खरंच चालवून पाहिलंय ते. वरची मर्यादा ठोस कारण असेल तरच द्या. ~= हे चिन्ह लोक अंदाजाने लावतात. ~=१.४.२ म्हणजे १.४.२ किंवा पुढचं, पण १.४ मालिकेतच. ~=१.४ म्हणजे १.४ किंवा पुढचं, पण २ च्या आत. एका टिंबाने अर्थ बदलतो. पायप्रोजेक्ट फाइलमधली ‘रिक्वायर्स-पायथन’ ही ओळही पाहा, आणि जे व्हर्जन तुम्ही कधी चालवलंच नाही ते तिथे लिहू नका.

## पायरी ५ : पावती छापून घ्या

यूव्हीमध्ये ‘यूव्ही लॉक’. ‘यूव्ही अॅड’ केलं की ते आपोआप होतंच. त्यातून ‘यूव्ही डॉट लॉक’ निघते. तिच्यात प्रत्येक पॅकेजचं नेमकं व्हर्जन असतं आणि हॅशही. हॅश म्हणजे डब्याचं सील: उतरवलेली फाइल तीच आहे का, हे त्यावरून पडताळलं जातं. ही पावती विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींचा विचार करून बनते.

पिप-टूल्समध्ये यादी ‘रिक्वायरमेंट्स डॉट इन’ मध्ये लिहायची आणि ‘पिप-कंपाइल’ चालवायचं. त्यातून ‘रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी’ निघते आणि कोणतं पॅकेज कोणामुळे आलं ते शेजारी लिहिलेलं असतं. हॅश हवे असतील तर ‘जनरेट हॅशेस’ हा पर्याय लावा. मात्र ही पावती ज्या सिस्टिमवर आणि ज्या पायथनवर छापली, त्याचीच. मॅकवर छापून विंडोजला दिली तर एखादी ओळ कमी पडू शकते.

पिप फ्रीझ का नको? कारण मशीनवर त्या क्षणी जे जे पडलंय ते सगळं तो लिहून देतो. मागच्या सेमिस्टरच्या प्रयोगातलं टेन्सरफ्लोसुद्धा. विंडोजवर ‘पायविन३२’ शिरतं आणि तीच फाइल लिनक्सवर पहिल्या मिनिटाला अडते. कोंडातून काढली तर काही ओळींत व्हर्जनऐवजी तुमच्याच डिस्कवरचा पत्ता येतो. शिवाय जुन्या पॉवरशेल ५.१ मध्ये बाणाच्या चिन्हाने फाइल बनवली की ती यूटीएफ-१६ मध्ये (अक्षरं साठवण्याच्या वेगळ्या पद्धतीत) लिहिली जाते. उघडून पाहिली तर नेहमीसारखी दिसते, पण गिट तिला बायनरी समजतं आणि काय बदललं ते दाखवत नाही.

तपासा : यादी आणि पावती दोन्ही गिटमध्ये गेल्या का? पावती ‘आपोआप बनलेली फाइल’ म्हणून गिटइग्नोरमध्ये टाकणारे दर बॅचला दोघंतिघं भेटतात.

## पायरी ६ : पिप जे आणत नाही ते लिहून ठेवा

पायथनचं पॅकेज आणि त्यामागचा प्रोग्राम या अनेकदा दोन वेगळ्या गोष्टी असतात. ‘पायटेसरॅक्ट’ हा नुसता निरोप्या आहे. खरं टेसरॅक्ट वेगळं घालावं लागतं आणि मराठी मजकूर वाचायचा तर त्याची ‘एमएआर’ ही भाषाफाइलही. ‘पीडीएफ२इमेज’ ला पॉपलर लागतं. ही नावं व्हर्जनसकट रीडमीत, म्हणजे प्रोजेक्टसोबतच्या सूचनांच्या फाइलमध्ये, लिहा.

मराठी वापरणाऱ्यांना आणखी दोन खड्डे आहेत, आणि इंग्रजी ट्युटोरियलांत ते सापडत नाहीत.

पहिला एन्कोडिंगचा, म्हणजे फाइलमध्ये अक्षरं साठवण्याच्या पद्धतीचा. सीएसव्हीत ‘पानशेत’ देवनागरीत लिहिलंय आणि कोडमध्ये साधं ‘ओपन’ वापरलंय. मॅक आणि लिनक्सवर फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडते. विंडोजवर पायथन सिस्टिमचं जुनं एन्कोडिंग धरतो आणि ‘चारमॅप’ असा एरर देतो किंवा चक्रम अक्षरं दाखवतो. प्रत्येक ‘ओपन’मध्ये एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहा. फाइल एक्सेलमधून ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणून सेव्ह झाली असेल तर ‘यूटीएफ-८-सिग’ लिहा, नाहीतर पहिल्या रकान्याच्या नावाच्या सुरुवातीला एक अदृश्य चिन्ह चिकटतं.

दुसरा फॉन्टचा. मॅटप्लॉटलिबच्या नेहमीच्या देजावू सॅन्स फॉन्टमध्ये देवनागरी नाही, त्यामुळे आलेखावर ‘खडकवासला’च्या जागी चौकोनांची रांग येते. तुमच्या मशीनवर दुसरा फॉन्ट लावून ते सुटलं, तरी तो फॉन्ट समोरच्याकडे असेलच असं नाही. नोटो सॅन्स देवनागरी मुक्त परवान्यात मिळतो. त्याची फाइल प्रोजेक्टमध्येच ठेवा आणि कोडमधून तिचाच पत्ता द्या. फॉन्ट मिळाल्यावरही वेलांट्या आणि जोडाक्षरं नीट पडतात का ते डोळ्यांनी पाहा, कारण मॅटप्लॉटलिबची जुनी व्हर्जन्स पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न काढता नंतर काढतात.

पासवर्ड आणि एपीआय की ‘डॉट एन्व्ह’ फाइलमध्ये ठेवायच्या आणि ती फाइल गिटमध्ये घालायची नाही. तिच्या शेजारी फक्त नावं असलेली रिकामी नमुना फाइल द्या.

## पायरी ७ : इंटरनेट नसलेल्या लॅबसाठी

यादी-पावती असली तरी पॅकेजेस कुठूनतरी यायला हवीत. त्यासाठी व्हील फाइली एका फोल्डरमध्ये भरून पेनड्राइव्हवर न्यायच्या. यूव्ही वापरत असाल तर आधी ‘यूव्ही एक्स्पोर्ट’ने पावती रिक्वायरमेंट्सच्या रूपात काढा. मग ‘पिप डाउनलोड’ला ती फाइल आणि फोल्डरचं नाव द्या. लॅबमध्ये ‘पिप इन्स्टॉल’ला दोन पर्याय लावा: ‘नो-इंडेक्स’, म्हणजे इंटरनेटकडे बघूच नको, आणि ‘फाइंड-लिंक्स’, म्हणजे या फोल्डरमधून घे.

सावधान : मॅकवर बसून विंडोजची व्हील्स उतरवायला पिपमध्ये ‘प्लॅटफॉर्म’ हा पर्याय आहे. तो अर्धवटच मदत करतो. ‘हे पॅकेज फक्त विंडोजवर लागतं’ अशा अटी पिप तुमच्या चालू मशीनवरूनच ठरवतो. त्यामुळे टीझेडडेटा किंवा कलरामा यांसारखं फक्त विंडोजसाठीचं एखादं पॅकेज न सांगता गळतं आणि लॅबमध्ये गेल्यावर कळतं. मी हे एकदा करून फसलोय. व्हील्स भरायला लॅबसारखंच मशीन शोधा: तेच विंडोज, तेच पायथन. होस्टेलमध्ये कोणाकडे तरी सापडतंच. आणि पायथनचा इन्स्टॉलरही पेनड्राइव्हवर घ्या. सगळी पॅकेजेस आणली आणि लॅबमध्ये पायथन ३.८ निघालं, असंही होतं.

## पायरी ८ : परक्या मशीनवर रिकाम्या पोटी चाचणी

आपलाच फोल्डर कॉपी करून केलेली चाचणी खरी नाही, कारण गिटमध्ये टाकायची राहिलेली फाइल कॉपीत आयती येते. नव्या फोल्डरमध्ये गिट क्लोन करा, म्हणजे गिटमधून प्रोजेक्टची कोरी प्रत घ्या. मग ‘यूव्ही सिंक’ला ‘लॉक्ड’ हा पर्याय लावा. यादी आणि पावती जुळत नसतील तर ते तिथेच थांबतं, परस्पर नवी पावती छापत नाही. पिप-टूल्सवाल्यांनी ‘पिप-सिंक’ आणि त्यानंतर ‘पिप चेक’ चालवावं. मग प्रोग्राम चालवा आणि आलेख डोळ्यांनी पाहा.

हीच चाचणी मित्राच्या लॅपटॉपवर करा, आणि मित्राला फक्त रीडमी द्या. तुम्ही शेजारी बसा, पण बोलू नका. तो जिथे मान वर करून तुमच्याकडे बघेल, तिथे रीडमीत एक ओळ कमी आहे. रीडमीत पाचसहा ओळी पुरतात: पायथन कोणतं, बाहेरचे प्रोग्राम कोणते, उभं करायची कमांड, चालवायची कमांड, आणि नीट चाललं तर पडद्यावर काय दिसायला हवं. ही शेवटची ओळ जवळपास सगळेच विसरतात.

मित्र हाताशी नसेल तर डॉकर चालेल, म्हणजे आपल्याच मशीनवर वेगळं कोरं मशीन उभं केल्यासारखं. इमेजच्या, म्हणजे त्या कोऱ्या मशीनच्या साच्याच्या, नावापुढे ‘लेटेस्ट’ न लिहिता पायथनचं व्हर्जन आणि ‘स्लिम’ लिहा. आकार लहान म्हणून अल्पाइन लिनक्सची इमेज घेऊ नका. त्याची मूळ सी लायब्ररी वेगळी असल्याने नेहमीची लिनक्स व्हील्स तिथे लागत नाहीत. अॅपलच्या एम चिपवर बनलेली इमेज आर्मची असते, इंटेलच्या सर्व्हरवर पाठवायची तर बांधतानाच प्लॅटफॉर्म सांगावा लागतो.

## पायरी ९ : नंतर बदल करताना

क्रम कायम एकच: यादी बदला, पावती पुन्हा छापा, चाचणी करा, दोन्ही फाइली एकाच कमिटमध्ये टाका. पावती हाताने दुरुस्त करू नका, एका आकड्यासाठीसुद्धा. एकच पॅकेज पुढे न्यायचं असेल तर ‘यूव्ही लॉक’ला ‘अपग्रेड-पॅकेज’ लावून त्याचं नाव द्या, बाकीची जागची हलत नाहीत.

दोघांनी एकाच आठवड्यात वेगवेगळी पॅकेजेस घातली तर पावतीत मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोघांच्या बदलांची टक्कर) येणारच. ओळी जुळवत बसू नका. यादीतला कॉन्फ्लिक्ट हाताने सोडवा, पावतीची कोणतीही एक बाजू अख्खी घ्या आणि ‘यूव्ही लॉक’ पुन्हा चालवा. मग आठव्या पायरीतली चाचणी परत करा, शक्यतो विंडोजवाल्या जोडीदाराच्या लॅपटॉपवर.